दानीएल बाबेलच्या विद्यालयात

अभ्यासाचा भाग : दानीएल, अध्याय १, तसेच अध्याय २, ओव्या १७ व १८.

जून-जुलै महिने आले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून काही मुलेमुली पुण्यास, मुंबईस, अहिल्यानगरास महाविद्यालयात शिकावयास निघतात. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब त्यांजसाठी प्रार्थना करितात, आणि मंदिराबाहेर येताच आईबाप बजावितात की, ‘कोणात मिसळू नको, आपण बरे की आपला अभ्यास बरा.’ हा उपदेश मायेपोटी केलेला असतो हे आम्ही जाणतो. तथापि तो शास्त्राला धरून आहे की काय, हे आज पाहू.

इसवी सनापूर्वी ६०५ च्या सुमारास राजा नबुखद्नेस्सर याने यहूदातील निवडक तरुण बाबेलास नेले. त्यांस खास्दी लोकांची भाषा व विद्या तीन वर्षे शिकवावी असा हुकूम होता. म्हणजे आमच्याकडील तीन वर्षांच्या पदवीइतकीच ही मुदत. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दानीएलाने बाबेलचे सर्व काही झिडकारले असे पुष्कळ उपदेशांत ऐकू येते. अध्यायात तसे मुळीच नाही. तो परकी भाषा शिकला, परक्यांची विद्या त्याने संपादिली, बेल्टशस्सर हे परके नावही त्याला मिळाले. एका ठिकाणी मात्र तो थांबला : राजाचे पक्वान्न व द्राक्षारस. आणि हा निश्चय त्याने आधी आपल्या मनात केला, नंतर तोंड उघडले (ओवी ८). ताट पुढे आल्यावर विचार करू असे त्याने म्हटले नाही.

त्याची बोलण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. त्याने कोणाचा अपमान केला नाही. त्याने विनंती केली. खोजांच्या सरदाराचे भय ऐकून घेतले. मग कारभाऱ्यास म्हणाला की, दहा दिवस शाकान्न व पाणी देऊन पाहावे. इतर तरुणांस त्याने उपदेश केल्याचेही लिहिलेले नाही. आमच्या काही आवेशी तरुणांनी हे विशेष वाचावे.

तेव्हा नव्या विद्यार्थ्याने मिसळावे, असेच आम्ही म्हणतो. जो खोलीचे दार लावून बसतो तो सुरक्षित नसतो, एकटा असतो. आणि एकट्याला भुलविणे व भिवविणे दोन्ही सोपे. मिसळण्यास चांगल्या जागा पुष्कळ आहेत. खेळाचे मैदान आहे, वाचनालय आहे, स्नेहसंमेलनाचे नाटक आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तीत दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते, शिवाय खेड्यात सात दिवसांचे शिबिर असते. शिबिरात कुदळ कशी धरावी हे शहरच्या मुलास आमचाच मुलगा शिकवील, आणि त्याची भीड तेथेच मोडेल. अशा ठिकाणी काम मध्ये असते, म्हणून माणसाची पारख सावकाश व खरी होते.

उलट पहिल्या पंधरवड्यातच जो फार जवळीक दाखवितो, उसने मागतो, तुझ्या बँकेच्या खात्यात माझे पैसे येऊ दे म्हणतो, त्याजपासून दूर राहावे. खाते दुसऱ्यास वापरू देणाऱ्यावर पोलिसांचा ससेमिरा लागतो. संध्याकाळी बाहेर जावयाचे तर कोठे व कोणाबरोबर हे खोलीतील सोबत्यास सांगावे, परतीचे भाडे खिशात वेगळे ठेवावे. मेजवानीत दारू निघाली तर ‘मी घेत नाही’ एवढे उत्तर पुरे. कारणांची यादी दिली की वाद सुरू होतो. हे उत्तर खोलीवरच ठरवून निघावे.

वरच्या वर्गातील विद्यार्थी नव्यांचा छळ करितात, त्यास रॅगिंग म्हणतात. ही थट्टा नव्हे, गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियमही आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात ह्यासाठी समिती असावी लागते, आणि १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर फुकट तक्रार करिता येते. मुलींच्या छळाबद्दल २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असते; तेथे सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. ख्रिस्ती मनुष्याने सोसावे हे खरे. पण पौलानेही फटके बसण्यापूर्वी आपले रोमी नागरिकत्व पुढे केले होते (प्रेषितांची कृत्ये २२:२५).

पुन्हा दानीएलाकडे येऊ. तो एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल व अजर्‍या हे त्याचे सोबती होते, आणि राजाने सर्व ज्ञान्यांस ठार मारण्याचा हुकूम सोडला तेव्हा दानीएल घरी जाऊन त्यांस सांगता झाला व त्यांनी मिळून प्रार्थना करावी असे म्हणाला (२:१७, १८). असे दोन-तीन सोबती पहिल्या सहामाहीत मिळाले तरी पुष्कळ. आणि ते सर्व आपल्याच मंडळीचे असावेत असेही नाही. ज्याच्या मनात दानीएलाविषयी दया उत्पन्न झाली (१:९), तो सरदार बाबेलच्या राजाचाच चाकर होता.

आता उपदेशक बंधूंस व आईबापांस. मूल निघण्यापूर्वी त्या शहरातील मंडळीच्या पाळकांस पत्र लिहावे किंवा फोन करावा. मुलाने आपण होऊन जावे ह्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. पुष्कळ मुले छळ किंवा फसवणूक निमूटपणे सोसतात, ती गुंडांच्या भयाने नव्हे, तर घरी कळल्यास शिक्षण बंद होईल व मंडळीत नाव जाईल ह्या भयाने. म्हणून त्याने निघण्याच्या आदल्या रात्री, घरची प्रार्थना झाल्यावर, त्यास स्पष्ट सांगावे की, काहीही घडले, तुझी स्वतःची चूक असली, तरी आम्हांस पहिल्यांदा सांग. आम्ही आधी तुला भेटावयास येऊ, रागावणे मागून. आणि तसा फोन आलाच, तर पहाटेच्या एस. टी. ने खरोखर निघावे.