मोकळी मिळालेली वाट



'आम्ही कष्टाने घर उभे केले,' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. पण ते पूर्ण सत्य असेलच असे नाही.

अमेरिकेचे उदाहरण पाहू. १९३४ साली तेथील सरकारने गृहकर्जांना हमी देणे सुरू केले. त्यामुळे सामान्य कुटुंबांना दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले. मात्र कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या सरकारी नकाशांत लाल रंगाने 'धोक्याच्या' दाखवल्या होत्या. तेथे अशी हमी सहसा मिळत नसे. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ उभी राहू लागलेली लेव्हिटटाऊन वसाहत तर फक्त गोऱ्यांसाठी होती. महायुद्धात लढून आलेला कृष्णवर्णीय सैनिकही बाहेरच राहिला.

१९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला. तोवर गोऱ्यांच्या घरांच्या किमती वाढल्या होत्या. त्या आधारावर मुले शिकली, नातवंडांना वारसा मिळाला. नातवाने कोणावर अन्याय केला नाही. तरी अन्यायाचा लाभ नकळत त्याच्या पदरी पडला. भिंत दिसते ती अडवलेल्यालाच.

अमेरिकेतील बिशपांनी १९७९ च्या पत्रात वर्णद्वेषाला पाप म्हटले, आणि ते समाजरचनेतही दडलेले असते हे दाखवून दिले.

म्हणून यश मोजताना आपण कष्टांबरोबर मोकळी मिळालेली वाटही मोजू या.