देणं दोघांचं

अगं, परवा उपासनेनंतर तू विचारलंस, "ताई, हल्ली काय वाचतेस?" आणि त्याच दमात म्हणालीस की पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, घरात कुरबुर होते, आणि दशमांशाचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जातं. चर्चच्या दारात उभ्या उभ्या त्यावर काय बोलणार? म्हणून आज निवांत लिहायला बसले. तुझ्या प्रश्नाचं आणि तुझ्या तक्रारीचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतंय.

सध्या माझ्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. शाळेत त्यातला एखादा उतारा वाचून आपण हसलेलो असतो आणि पुस्तक तिथंच राहून जातं. तू ते आता वाच, संसार अंगावर पडल्यावर. विकत घ्यायची घाई करू नकोस. आपलं रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. वर्गणी भर आणि घेऊन ये. आमच्या घरातला पुस्तकांचा खर्च तिथंच आटोक्यात राहतो, आणि मुलांना तारखेच्या आत पुस्तक वाचून परत करायची सवय लागली ती वेगळीच.

लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक आपल्याच जिल्ह्यातले, १८६१ साली करजगावात जन्मलेले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. कडक सोवळ्यात वाढलेली ती बाई, पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा धर्म सोडून गेलेला. नातलगांच्या आधाराने त्यांनी ती वर्षं कशी काढली असतील, याची कल्पना करून बघ. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या, पण बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. आधी मनातलं सोवळंओवळं गेलं, माणसामाणसातला भेद गेला, आणि मग त्या पाण्यात उतरल्या. नवऱ्यामागून फरफटत गेल्या नाहीत. श्रद्धेच्या बाबतीत मला त्यांचा हा ठामपणा फार मोलाचा वाटतो. तुझ्या घरात एकाची प्रार्थना मोठी आणि दुसऱ्याची लहान, असं काही असेल तर घाबरू नकोस. ज्याला त्याला वेळ लागतो.

आता पैशाचं. टिळक मनाचे राजे. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना जमायचं नाही. हातात आलेला पैसा कुणाच्या ना कुणाच्या अडचणीला जायचा, आणि अनाथ मुलं घरी यायची ती घरचीच होऊन राहायची. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावरही पाणी सोडलं. प्रवचनात हे ऐकताना ऊर भरून येतो, यावाच. पण डब्यात पीठ किती उरलंय हे बघायला घरात लक्ष्मीबाई होत्या. त्या रागावायच्या, भांडायच्या, पुन्हा पदर खोचून उभ्या राहायच्या, आणि आलेल्या पोरांना जेवूही घालायच्या. टिळकांच्या दातृत्वाची निम्मी किंमत त्यांनी मोजली आहे, असं मला ते पुस्तक वाचताना पानोपानी जाणवतं. हेच मला तुला सांगायचंय. एकाने दान करायचं आणि दुसऱ्याने काटकसर, असं ख्रिस्ती घरात होऊ नये. द्यायचं तर दोघांनी बसून ठरवायचं, आणि पोटाला चिमटा घ्यायचा तोही दोघांनी.

यावर तुला कुणी तरी विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट ऐकवेल. ऐक, पण मार्काचा बारावा अध्याय स्वतः उघडून थोडं आधीपासून वाच. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभू येशूने खडसावलंय, आणि लगेच पुढे ही विधवा येते. तिचं मन मोठंच. पण गरीब बाईकडून शेवटचं नाणंसुद्धा काढून घ्यावं, असा त्या गोष्टीचा अर्थ कुणी तुझ्यापुढे मांडला तर मान डोलवू नकोस.

आमच्याकडे एक साधी वही आहे. पगार झाला की रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं ती घेऊन बसतो. सगळ्यात वर देवाच्या कामाचं, त्याखाली घराचा हप्ता, शाळेची फी, गॅस, दूध, किराणा, गावी सासूबाईंना पाठवायचे. आणि एक ओळ अडल्यानडल्याची. ती रक्कम थोडी असते, पण दारात कुणी आलं तर देताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मोठीला आता वहीजवळ बसू देतो. पैसे नाहीत असं मुलांना नुसतं सांगितलं की ती भेदरतात, आणि वही दाखवली की समजून घेतात.

त्यांच्यासाठी रात्रीच्या प्रार्थनेला मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' काढते. फादर कॅथलिक आणि आपण प्रॉटेस्टंट, पण त्यांचं मराठी ओघवतं आहे, मुलांना कुठं अडखळायला होत नाही. मागे पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट चालली होती. उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, असं प्रभू शिष्यांना सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. धाकटा म्हणाला, "पण त्याला तर परत भाकऱ्या करता आल्या असत्या ना?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. पाच हजारांना जेवू घालणारा उरलेल्या तुकड्यांकडे बघतो, हे त्याच्या त्यालाच कळू दे. दुसऱ्या दिवशी ताटात भात टाकताना त्याचा हात थबकला, एवढं मात्र मी पाहिलं.

वाया न घालवणं मी खरं तर कोकणातच शिकले. मी घाटावरच्या नगर जिल्ह्यातली, ज्वारी-बाजरीत वाढलेली. इथं शेजारच्या काकींनी पहिल्याच मे महिन्यात मला फणसाच्या आठळ्या टाकताना पाहिलं आणि हातातून काढून घेतल्या. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, राखेत घोळवून त्या मातीच्या मडक्यात भरल्या. आषाढात भाजी मिळेना तेव्हा त्याच आठळ्या सुकटीत पडल्या आणि आमची जेवणं झाली. तेव्हापासून आगोटीची बेगमी मी चुकवत नाही. आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, सुकट, बोंबील. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, ताज्या मासळीचे भाव परवडत नाहीत, अशा वेळी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला बोंबील यांवर घर आनंदात जेवतं. सोडे महाग पडतात, ते मूठभर घे, आणि पाहुण्यांसाठी ठेव. पाहुणा आला तर आखडू नकोस. काटकसर करायची ती त्याच्यासाठी तर करायची.

एक राहिलंच. लक्ष्मीबाईंनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. पुढचे ६४ अध्याय या बाईंनी लिहिले. तू म्हणतेस, मुलं झाल्यापासून माझं डोकंच चालत नाही. चालेल गं. झोपायच्या आधी फोन बाजूला ठेव आणि दोन पानं वाच. शक्य असेल तर मोठ्याने वाच, म्हणजे भाऊजींच्याही कानावर पडेल. टिळकांचा भाग आला की ते स्वतःहून बोलायला लागतील, आमच्याकडे तसंच झालं.

वही या महिन्याच्या पगारापासूनच सुरू करा. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिरकरवाड्याला सुकं घ्यायला जाणार आहे, तेव्हा तूही चल. खारवलेला बोंबील आणि नुसता वाळवलेला, दोन्हींतला फरक मी तुला हातात घेऊन दाखवते.