प्रिंटरला स्वतःची वायर दे

हे बघ सोने, तुमच्या मुरगूडच्या ऑफिसात प्रिंटरवरून रोज जी धुसफूस चालते, तिचं मूळ प्रिंटरात नाहीच. तो यूएसबीच्या वायरनं साहेबांच्या कॉम्प्युटरला बांधलाय. साहेब रजेवर, कॉम्प्युटर बंद, की खातेउतारा न्यायला आलेलं गिऱ्हाईक बाकावर ताटकळतं आणि बोलणी तू खातेस. तो थेट राउटरला जोडून टाक. कोल्हापूरहून माणूस बोलवायची गरज नाही गं, तुझं तुला जमेल.

आधी प्रिंटरच्या मागं वाकून बघ. लॅनचं चौकोनी भोक आहे का? फॅक्सवाल्या मशीनला टेलिफोनचं तसलंच, पण बारकं भोक असतं, त्यात फसू नकोस. लॅन नसेलच तर पुढचं सगळं राहू दे. असेल तर कॅट-६ची तयार वायर आण. १०० मीटरपर्यंत ती चालते, तुमचं ऑफिस केवढंसं! फक्त लाईटच्या वायरीसोबत एकाच पट्टीत कोंबू नकोस. वायफाय कशाला? जागचा न हलणाऱ्या यंत्राला वायरच बरी.

वायर लावलीस, भोकापाशी दिवा लागला, की लोकांना वाटतं झालं काम. खरी मेख पुढंच आहे. राउटर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. लाईट जाऊन आली की प्रिंटरला कधी कधी दुसराच मिळतो. कॉम्प्युटर बिचारे जुन्याच दारावर थापा मारत बसतात आणि पडद्यावर 'ऑफलाइन' येतं. मग सगळे प्रिंटरला शिव्या घालतात.

म्हणून प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कची माहिती छापून घे. आकडा १६९.२५४नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी वायर तपास. नीट असेल तर त्याच कागदावरचा मॅक पत्ता बघून राउटरमध्ये तो आयपी प्रिंटरच्या नावावर राखून ठेव. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर नव्यानं जोडताना 'टीसीपी/आयपी' निवडून तोच आकडा घाल. जाता जाता प्रिंटरचा कंपनीचा पासवर्डही बदल. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नकोस हं.

राउटर यूपीएसवर ठेव, पण लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर नको. कागद तापवताना तो एकदम करंट ओढतो. आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की प्लगबरोबर लॅनची वायरही काढायची. विजेचा झटका तिच्यातूनही आत येतो.

राहिले साहेब. त्यांना 'तुमच्याकडचा प्रिंटर काढतेय' असं चुकूनही म्हणू नकोस. 'तुमच्या कॉम्प्युटरवरचा भार कमी करते' म्हण. आणि प्रिंटर महिनाभर त्यांच्या खोलीतच राहू दे. वायर तेवढी लांब घे, म्हणजे झालं.