मान मोडून घेण्याआधी

सिंहगड रस्त्यावर सिग्नलला आमची गाडी उभी होती आणि मागून टेम्पो आदळला. डिकी चेपली, बंपर लोंबायला लागला. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. टेम्पोवाल्याशी भांडण्याइतकी मी ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलायला गेले तर डोकं उशीवरून उठेना. शेवटी दुसऱ्या कुणाचं उचलावं तसं ते मागून हात घालून उचललं आणि उठून बसले.

व्हिपलॅश, म्हणजे मानेला बसलेला हिसका, असा उशिरा जागा होतो. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते. साडेचार-पाच किलोचं डोकं मात्र होतं तिथेच राहू पाहतं, आणि ही ओढाताण मानेचे स्नायू नि अस्थिबंध सोसतात. दुखणं वर यायला काही तास, कधी दोन-तीन दिवसही लागतात. म्हणून अपघाताच्या जागी ‘मला काही झालेलं नाही’ असं कुणालाही लिहून देऊ नका.

आपल्याकडे मानदुखी ही सार्वजनिक मालमत्ता असते. शेजारच्या काकूंनी उशी काढून टाकायला सांगितली. धाकट्या दिरांनी त्यांचा सलूनवाला सुचवला, जो दाढी झाल्यावर मान दोन्हीकडे कडाकड मोडून देतो. भाच्याने एका कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्याची, रील पाठवली आणि वेळही घेऊन टाकली.

तिथला मुलगा नम्र होता. दहा बैठकांचं पॅकेज घेणार का, व्हिडिओ काढला तर चालेल का, सगळं त्याने विचारलं. धडक कशी बसली, हाताला मुंग्या येतात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे मात्र नाही. मला उताणं निजवून त्याने हनुवटी तळव्यात धरली, तेव्हा मी म्हटलं, “थांबा, माझ्या डाव्या अंगठ्याला मुंग्या येतायत.”

“होतं तसं, काकू. एक अ‍ॅडजस्टमेंट झाली की मोकळं होईल.”

मी उठले आणि चपला घातल्या.

अंगठ्याकडच्या मुंग्यांचं मूळ बऱ्याचदा मानेतल्या सहाव्या नसेपाशी असतं. अपघातानंतर अशा मुंग्या असतील, वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा धडक जबर असेल, तर आधी मानेचा फोटो काढायचा, असा कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली मांडलेला नियम आता जगभर वापरतात. दुसरी भीती रक्तवाहिनीची. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात. धडकेनेच त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडलेली असू शकते आणि सुरुवातीला ती फक्त मानदुखी म्हणून जाणवते. अशा मानेला हिसका देणं म्हणजे पक्षाघाताशी खेळ. हिसक्यानेच चीर पडते हे सिद्ध झालेलं नाही, पण दोन्हींचा संबंध दिसतो आणि रुग्णाला तो आधी सांगायला हवा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलंय. आणि तो ‘कट्’ आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाली की तो येतो. सरकलेलं हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे.

तिथून उठून मी अस्थितज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हातोडीने कोपर-मनगट ठोकून पाहिलं, त्यांची बोटं घट्ट आवळायला लावली, एक्स-रे आणि एमआरआय काढला. मोडलेलं काही नव्हतं, नस सुजेने चिडली होती. मेडिकलमधून आणलेला मानेचा पट्टा त्यांनीच काढून ठेवला. पट्ट्यात राहून मान आखडते, म्हणाले. मग फिजिओथेरपिस्ट ताईंनी हनुवटी आत ओढायचा नि खांदे मागे घ्यायचा व्यायाम दिला. कंटाळवाणा आहे, रील होण्यासारखा मुळीच नाही. पण रिव्हर्स घेताना वळून बघता येऊ लागलं ते त्यानेच.

कायरोप्रॅक्टिकवर सरसकट फुली मारावी असं मला वाटत नाही. अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये १८९५ साली डॅनियल पामर यांनी ते सुरू केलं. तिथे आज प्रत्येक राज्यात त्यासाठी परवाना लागतो. आपल्याकडे पाटी लावणारा नक्की काय शिकलाय हे आपणच विचारावं लागतं. जाणकार माणूस आधी रिपोर्ट मागतो, नसा तपासतो, शंका आली तर हात न लावता डॉक्टरांकडे धाडतो. आणि हिसका न देता हलक्या हातानेही काम करतो. पहिल्याच भेटीत पॅकेजचे पैसे मागणाऱ्याकडे मात्र मी पुन्हा फिरकणार नाही.

चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, हाताची पकड सुटणं, कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

आणखी एक, फुकटातलं. गाडीतलं हेडरेस्ट बघा. बहुतेकांचं शोरूममधून आलं तसं खाली दाबलेलं, मानेशी टेकलेलं असतं. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवी आणि डोकं त्याच्या जवळ हवं. ते वर ओढायचं, टक् होईपर्यंत. मागच्या सीटची हेडरेस्ट आरशात आडवी येतात म्हणून आमच्याकडे माळ्यावर गेली होती. ती आधी खाली काढली.