रस्त्यावरचें ओझें पाण्यावर जाईल काय?

गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासाला आम्ही इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस एक लहानसें काम दिलें होतें. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा महामार्ग आमच्या शाळेपासून फार दूर नाहीं. त्या रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर अर्धा तास उभें राहून कोणकोणतीं वाहनें जातात हें वहींत टिपावयाचें, एवढेंच तें काम. दुसऱ्या दिवशीं वह्या पाहिल्या, तों बहुतेकांचीं पानें 'कंटेनर' या एका शब्दानेंच भरलेलीं. पुष्कळांनीं असेंहि लिहिलें होतें कीं, त्या अर्ध्या तासांतील बराच वेळ रांग जागची हाललीच नाहीं.

वह्या परत देत असतां एका मुलीनें विचारलें, "सर, बंदर समुद्रावर आहे, पेट्या समुद्रांतूनच येतात, मग त्या पुढेंहि समुद्रांतूनच कां नेत नाहींत?" प्रश्न मोठा मार्मिक होता. आम्ही उत्तर देणार इतक्यांत मागील बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील ट्रेलर चालवितात. तो म्हणाला, "मग माझ्या बाबांनीं काय करायचें?" तेवढ्यांत तास संपल्याची घंटा झाली व दोन्ही प्रश्न तसेच राहिले. वर्षभर ते आमच्या मनांत घोळत आहेत. या अंकाच्या निमित्तानें त्यांचा विचार करावा असें योजिलें आहे.

पेटीचा जन्म

कंटेनर म्हणजे पोलादाची, ठराविक मापाची पेटी. ती आठ फूट रुंद असते व तिची लांबी बहुधा वीस किंवा चाळीस फूट असते. कारखान्यांत माल भरून ती एकदां बंद केली म्हणजे आंतील वस्तूंस हात न लावतां ती ट्रेलरवरून आगगाडीवर, आगगाडीवरून जहाजावर व जहाजावरून पुनः ट्रेलरवर चढवितां येते. माप सर्वत्र एकच असल्यामुळें मुंबईंत चढविलेली पेटी रॉटरडॅमच्या यारीला, म्हणजे क्रेनला, बिनचूक उचलतां येते.

नवलाची गोष्ट ही कीं, ही पेटी रस्त्यावरील गर्दीस कंटाळलेल्या एका मनुष्याच्या विचारांतूनच पुढें आली. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेंतील मालमोटारींचा एक मोठा व्यावसायिक होता. १९५३ च्या सुमारास त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील रस्ते वाहनांनीं भरून गेले होते. आपल्या गाड्या रस्त्यांत अडकून पडतात, त्यापेक्षां त्या जहाजावर चढवून किनाऱ्याकिनाऱ्यानें नेल्या तर काय होईल, असा विचार त्याच्या मनांत आला. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, चाकें बरोबर नेण्यांत जहाजावरील जागा फुकट जाते. चाकें धक्क्यावर ठेवून नुसती पेटी नेली म्हणजे पुरे. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' नांवाचें, मूळचें तेलवाहू असलेलें जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालें. त्या काळीं सुटा माल जहाजावर चढविण्यास टनामागें ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. पेट्यांमुळें तोच खर्च १६ सेंटांच्या आसपास आला.

परंतु दैवाचा खेळ पाहा! या सफरीनंतर अवघ्या दोन महिन्यांनीं, २९ जून १९५६ रोजीं, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं ४१,००० मैलांच्या नव्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. रुंद व मोकळे रस्ते तयार होऊं लागले आणि माल पुनः रस्त्यावर आला. पेटी मात्र महासागर ओलांडून गेली. १९६६ मध्यें मॅक्लीनच्या कंपनीचें जहाज पेट्या घेऊन युरोपास पोहोंचलें. ज्या कामासाठीं ती निघाली होती, तें किनाऱ्यावरील काम तेवढें मागें पडलें. आतां ते रुंद रस्तेहि भरून गेले आहेत, आणि जगांत अनेक ठिकाणीं मॅक्लीनचा मूळ प्रश्न पुनः विचारला जात आहे.

पाणी स्वस्त कां, आणि केव्हां?

बार्ज म्हणजे सपाट तळाची, उथळ पाण्यांत चालणारी मालनौका; आपल्याकडील जुन्या पडावाची ही थोरली बहीण म्हणावी. कांहीं बार्ज स्वतःच्या यंत्रानें चालतात, तर कांहींना टगबोट ओढते किंवा ढकलते. पाणी नौकेचा भार स्वतःच पेलतें हें आर्किमिडीजच्या सिद्धांतावरून तुम्हांस ठाऊक आहे. म्हणून यंत्राला ओझें उचलावें लागत नाहीं, केवळ पाण्याचा विरोध तोडून पुढें जावें लागतें. हा विरोध वेग वाढला कीं झपाट्यानें वाढतो. सावकाश चालणारी बार्ज थोड्या इंधनांत पुष्कळ माल नेते. तिनें घाई केली कीं तो लाभ संपला.

शंभर ट्रेलर एकामागें एक चालले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाची लांबी व पुढच्या गाडीपासूनचें अंतर मिळून ५५ मीटर धरलें, तर ती रांग साडेपांच किलोमीटर होते. चाळीस फुटी शंभर पेट्या नेणारी एकच बार्ज ही सर्व रांग रस्त्यावरून उचलते. मग सर्व माल पाण्यावरून कां जात नाहीं?

याचें उत्तर अंकगणितांत आहे. पुढील आंकडे केवळ उदाहरणासाठीं गृहीत धरले आहेत हें ध्यानांत ठेवावें. समजा, बंदरांतून २०० किलोमीटर दूर असलेल्या कारखान्यास एक पेटी न्यावयाची आहे. रस्त्यानें दर किलोमीटरास ५० रुपये पडतात; एकूण १०,००० रुपये झाले. पाण्यावर दर किलोमीटरास १० रुपयेच पडतात; म्हणजे २,००० रुपये. परंतु पेटी बार्जवर चढविण्यास २,००० व उतरविण्यास २,००० रुपये लागतात, आणि धक्क्यापासून कारखान्यापर्यंत ट्रेलरचे २,५०० रुपये द्यावे लागतात. एकंदर बेरीज ८,५०० झाली. दीड हजारांची बचत!

आतां यांत थोडा बदल करूं. पेटी बंदरांत नसून दुसऱ्या एका कारखान्यांत आहे. तेथून धक्क्यापर्यंत आणण्याचे आणखी २,५०० रुपये मिळविले कीं बेरीज ११,००० होते, आणि रस्ता स्वस्त ठरतो. किंवा पेटी बंदरांतच आहे, पण बार्ज अर्धी रिकामी चालली आहे. मग पाण्यावरचा खर्च दुप्पट, म्हणजे ४,००० होतो व बेरीज १०,५०० वर जाते. किंवा सर्व कांहीं पूर्ववत् आहे, पण अंतर १०० किलोमीटरच आहे. मग रस्त्याला ५,००० रुपये व पाण्याला ७,५०० रुपये पडतात. कोणत्या अंतरावर दोन्ही खर्च सारखे होतील, हें विद्यार्थ्यांनीं समीकरण मांडून काढावें. उत्तर १६२.५ किलोमीटर आलें पाहिजे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्यावर प्रवास स्वस्त आहे, पण पाण्यावर जाणें आणि पाण्यावरून येणें महाग आहे. जलमार्गाचा निकाल समुद्रांत लागत नाहीं. तो धक्क्यावर लागतो.

एक यश व एक अपयश

या गणिताची परीक्षा अमेरिकेंत प्रत्यक्ष झाली आहे. व्हर्जिनिया राज्यांत हॅम्पटन रोड्सचें बंदर समुद्रकांठीं असून रिचमंड हें शहर जेम्स नदीवर आंत आहे. दोहोंस जोडणारा चौसष्ट क्रमांकाचा महामार्ग नेहमीं गजबजलेला असतो. डिसेंबर २००८ मध्यें या दोन ठिकाणांमध्यें पेट्या नेणारी बार्ज सुरू झाली. आरंभीं आठवड्यांतून एकच फेरी होती; पुढें फेऱ्या वाढल्या. बार्ज बंदरांतच भरते, म्हणून एका टोकाचा ट्रेलर वांचतो. पुढें रिचमंडचा धक्काहि बंदर चालविणाऱ्या संस्थेनेंच भाड्यानें घेतला, त्यामुळें दोन्ही टोकांचें वेळापत्रक एका हातीं आलें. तरीहि या सेवेस सरकारी पैशाचा टेकू लागला, हें लपवूं नये. रस्त्यावरची गर्दी व धूर कमी झाला कीं लाभ सर्वांचाच होतो. म्हणून खर्चाचा कांहीं भाग सर्वांनीं सोसावा, असा त्यामागील विचार आहे.

कॅलिफोर्नियांतील अनुभव निराळा आहे. तेथें ओकलंड बंदर व आंतील स्टॉक्टन यांच्यामध्यें अशीच सेवा २०१३ मध्यें सुरू झाली. तत्पूर्वीं, २०१० मध्यें, या कामासाठीं तेथील तीन बंदरांस मिळून ३ कोटी डॉलरांचें सरकारी अनुदान मिळालें होतें. यंत्रसामुग्री होती, नदी होती, शेजारीं गर्दीनें भरलेला महामार्गहि होता. परंतु पुरेसा माल मिळाला नाहीं व खर्च उत्पन्नाहून वाढला. २०१४ मध्यें सेवा बंद पडली. अर्धी रिकामी बार्ज कशी बुडते हें आपण वर पाहिलेंच आहे. तिला बुडविण्यास वादळ लागत नाहीं.

युरोपांत ऱ्हाइन नदीवरून पेट्यांची मोठी वाहतूक नित्य चालते. पण २०१७ मध्यें रॉटरडॅम व अँटवर्प या बंदरांत बार्जना आपली पाळी येईपर्यंत कित्येक दिवस खोळंबून राहावें लागलें. धक्के कमी पडले तर रस्त्यावरची रांग पाण्यावर जाते, इतकाच काय तो फरक!

आपला किनारा

आपल्या लोकांस हें सर्व अगदींच नवें नाहीं. कोंकणांतील वृद्ध माणसांस मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी अजून आठवतात. गोव्यांत मांडवी व जुवारी या नद्यांतून लोहखनिजानें भरलेल्या बार्ज मुरगांवकडे जात. खाणी जोरांत चालत असतां त्यांची रांगच लागे. तेथें हें गणित कां जमलें? खनिज नदीकांठच्या धक्क्यावर एकदां ओतलें कीं तें थेट जहाजापर्यंत पोहोंचे, आणि माल भरपूर होता. आपल्या रायगड जिल्ह्यांत धरमतरच्या खाडींतून कोळसा व खनिज बार्जनेंच येतें, कारण कारखाना खाडीच्या कांठींच आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी घेऊन जाणारी बोट सुरू झाली, ती तर पुष्कळांनीं पाहिली असेल. गंगेवर २०१८ मध्यें कलकत्त्याहून वाराणसीस १६ पेट्या जलमार्गानें पोहोंचल्या. २०१६ च्या कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग ठरले आहेत.

पण कायद्यानें मार्ग ठरतो, पाणी खोल होत नाहीं. आपल्या खाड्यांत गाळ सांचतो. तो वेळोवेळीं उपसावा लागतो. भरती-ओहोटीप्रमाणें वेळापत्रक बांधावें लागतें. आणि आपला पावसाळा! नदींतील सपाट बार्ज आषाढांतल्या उघड्या समुद्रांत सोडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. तेथें मजबूत बांधणीचें, समुद्रास योग्य जहाजच पाहिजे, आणि त्यास खर्च अधिक येतो. शिवाय कोळसा आठ दिवस उशिरा आला तर ढिगांतून भागवितां येतें. औषधाची किंवा यंत्राच्या सुट्या भागाची पेटी तशी थांबत नाहीं. म्हणून 'सर्व माल समुद्रांतून न्या' असें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच 'हें आपल्याकडे होणार नाहीं' असें म्हणणेंहि चुकीचें. ज्या मालास घाई नाहीं, जो बंदरांतच उतरतो, ज्याचें शेवटचें ठिकाण दुसऱ्या धक्क्याजवळ आहे व ज्यास परतीचें भाडेंहि मिळूं शकतें, तो माल निवडून पाण्यावर न्यावा. तेवढ्यानेंहि रस्ता पुष्कळ मोकळा होईल.

मागील बाकावरचा प्रश्न

आतां दुसरा प्रश्न राहिला, आणि तोच अधिक कठीण आहे. आम्ही त्या मुलास खोटें समाधान देणार नाहीं. शंभर पेट्या बार्जवर गेल्या तर शंभर लांबच्या फेऱ्या रस्त्यावरून कमी होतील. ज्यांनीं कर्ज काढून ट्रेलर घेतला आहे, त्यांस याची काळजी वाटणें स्वाभाविक आहे.

परंतु वरील गणित पुनः पाहा. त्यांत धक्क्यापासून कारखान्यापर्यंतचे २,५०० रुपये होते. तें काम ट्रेलरचेंच आहे व ट्रेलरचेंच राहील. बार्ज कारखान्याच्या दारांत जाऊं शकत नाहीं. लांबच्या एका फेरींत जो मनुष्य दोन रात्री रांगेंत, स्टिअरिंगवर डोकें टेकून काढतो, तो जवळच्या फेऱ्या करून संध्याकाळीं घरीं जेवावयास येऊं शकेल. मात्र हें आपोआप होणार नाहीं. त्याला फेरीमागें मिळणारें भाडें जवळच्या फेऱ्यांवरहि पोट भरेल इतकें असलें पाहिजे. धक्क्यावर त्याचा खोळंबा झाला तर त्या वेळाचाहि मोबदला मिळाला पाहिजे. आणि यारी चालविण्याचें व बार्जवरील कामाचें शिक्षण प्रथम त्याच्या मुलांस मिळालें पाहिजे. जलमार्गानें जी बचत होईल, तिच्यांतील त्याचा वांटा हिशेबांत आधींच धरला नाहीं, तर तें गणित अपुरें आहे असें आम्ही समजूं.

पालकांपैकीं जे या रस्त्यावर पोट भरतात, त्यांनीं हा लेख मुलांकडून वाचून घ्यावा व आमचें कोठें चुकत असेल तर अवश्य कळवावें. एका फेरीस खरोखर किती तास लागतात, त्यांपैकीं गाडी चालण्यांत किती जातात व उभें राहण्यांत किती, हें त्यांच्याइतकें कोणासच ठाऊक नाहीं. यंदाच्या नववीस आम्ही तेंच काम देणार आहोंत. या खेपेस रस्त्याकडेला उभें राहून वाहनें मोजावयाचीं नाहींत. घरीं वडिलांजवळ बसून त्यांचे तास मोजावयाचे आहेत. त्या वह्यांतील आंकडे हातीं आले कीं वरचें गणित आम्ही फळ्यावर पुनः मांडूं, आणि मागील बाकावरच्या त्या मुलालाच तें सोडविण्यास पुढें बोलावूं.