चिंचोके, काड्या व वाळूची अक्षरे



नाचणगाव येथे आम्ही एका घरी भेटीस गेलो असता तेथील पाच वर्षांच्या मुलीने एकपासून पन्नासपर्यंत आकडे न अडखळता म्हणून दाखविले. तिच्या आईस मोठे समाधान वाटले. अंगणात चिंचोके वाळत घातले होते, ते पाहून आम्ही म्हटले, "बाळ, त्यांतले पाच आणून दे बरे." ती धावत गेली व मूठ भरून घेऊन आली. मोजले तेव्हा ते अकरा भरले. आई खिन्न होऊन म्हणाली, "पाळकसाहेब, इतके शिकवले तरी हिच्या डोक्यात काही शिरत नाही."

परंतु दोष त्या लेकराच्या डोक्याचा नव्हता. आम्ही वडील माणसांनी तिला संख्यांची नावे दिली होती, संख्या दिली नव्हती. जे जिभेस ठाऊक झाले ते हातास अद्याप ठाऊक नव्हते. असे मूल पहिल्या इयत्तेत जाते, तेथे मठ्ठ म्हणवले जाते, आणि काही काळाने स्वतःही तेच खरे मानू लागते. ही हानी लहान नव्हे. ती टाळण्यास काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

हाताने शिकवण्याची ही रीत नवी नाही. मारिया माँटेसरी या विदुषीने 1907 साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले, आणि 1939 साली ती हिंदुस्थानात येऊन येथील शिक्षकांस शिकवू लागली. तिची लाकडी साधने सुबक, परंतु खेड्यास न परवडणारी होती. ही अडचण ताराबाई मोडक यांनी ओळखली. 1945 साली त्यांनी बोर्डी येथे काम आरंभिले व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधने झाली. आणि मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली. आमच्या वर्धा जिल्ह्यातही 1937 सालच्या शिक्षणपरिषदेत हाताच्या कामातून विद्या द्यावी असे ठरले, आणि 1945 साली सेवाग्रामच्या परिषदेत त्या विचारात शाळेपूर्वीच्या बालकांचाही समावेश झाला.

आता आपल्या घरी करता येतील अशी तीन साधने सांगतो.

पहिले, संख्येची घरे. आगपेटीच्या दहा रिकाम्या डब्या घेऊन त्यांवर 0 ते 9 हे अंक लिहावे. तुराटीचे बोटाएवढे 45 तुकडे करून घासून गुळगुळीत करावे. मुलाने 1 च्या डबीत एक, 2 च्या डबीत दोन, असे 9 पर्यंत घालीत जावे. बरोबर झाले तर शेवटी काडी उरत नाही व कमीही पडत नाही. चूक झाली तर ती काड्याच सांगतात. रागावण्यास माणूस लागत नाही. शून्याची डबी रिकामी राहते, आणि "काहीच नाही" म्हणजे काय हे मूल डोळ्यांनी पाहते.

दुसरे, वाळूची अक्षरे. पुठ्ठ्यावर खळीने अक्षर काढून त्यावर चाळलेली वाळू पसरावी व वाळू द्यावी. मुलाने दोन बोटे लिहिण्याच्याच दिशेने त्यावरून फिरवावी आणि त्याच वेळी तोंडाने उच्चार करावा. आरंभ अ, आ यांपासूनच केला पाहिजे असे नाही. घ, र, न, ळ, क, म ही सहा अक्षरे आधी घ्यावी. कारण काना-मात्रा न लावता त्यांतून घर, नळ, कमळ, नरम असे शब्द तत्काळ होतात, आणि अक्षरांतून अर्थ निघतो हा आनंद मुलास पहिल्याच आठवड्यात मिळतो.

तिसरे, दशकाच्या मोळ्या. हे साधन शाळेत जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी आहे. आपण "पंचवीस" म्हणतो तेव्हा पाच आधी येतात व वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून पुष्कळ मुले 52 लिहितात, आणि कानाने ऐकले तसेच लिहिल्याबद्दल मार खातात. दहा-दहा काड्यांची मोळी सुतळीने बांधावी. डावीकडे दोन मोळ्या, उजवीकडे पाच सुट्या काड्या ठेवाव्या आणि खाली 25 लिहावे. एकोणतीस शिकवताना तीन मोळ्या मांडून एक काडी काढून घ्यावी. ते नाव कसे झाले हे मुलास आपोआप कळेल.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गुंज, एरंड व धोतरा यांच्या बिया विषारी आहेत, त्या कधीही वापरू नयेत. तीन वर्षांखालील बालकाच्या हाती चिंचोके देऊ नयेत. ते नाकात, कानात किंवा घशात अडकतात.

येथे आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही ही साधने मोठ्या हौसेने केली आणि मळू नयेत म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवली. एके दिवशी एका मुलाने विचारले, "पाळकसाहेब, पेटी आज उघडणार काय?" तेव्हा आम्हांस लाज वाटली. जे साधन झिजले नाही त्याने कोणास शिकवले नाही. पुठ्ठा फाटला तर दुसरा मिळेल. बालकाचे पाचवे वर्ष दुसरे मिळणार नाही.

गावोगाव आता अंगणवाडी आहे. ही योजना 1975 साली सुरू झाली. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे विद्येचा पाया मानली आहेत. तथापि अंगणवाडीताई एकटी आणि मुले पुष्कळ. यास्तव प्रत्येक घराने एक साधन करून तिच्या हाती द्यावे, व एक आपल्या ओसरीवर ठेवावे.

त्या मुलीच्या आईने पुढे डब्या केल्या. काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा पाच चिंचोके मागितले. मुलीने एकेक उचलून आमच्या तळहातावर ठेवले, पाचव्यावर थांबली, आणि म्हणाली, "झाले."

अभ्यासासाठी प्रश्न

1. आपले मूल किती आकडे म्हणते, आणि किती वस्तू मोजून देते?
2. चूक वस्तूनेच दाखविली तर मुलाच्या मनावर काय परिणाम होतो?
3. आपल्या घरी कोणती पेटी कुलूप लावून ठेविली आहे?