हवेचा हिशेब

पेट्रोल पंपाजवळून जाताना तुम्हांला पेट्रोलचा वास येतो. ताज्या रंगाचा वास घरभर पसरतो. असे का होते? या पदार्थांतील काही द्रव्यांची सहज वाफ होते. अशा कार्बनयुक्त द्रव्यांना 'बाष्पनशील सेंद्रिय संयुगे' म्हणतात. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर सूर्यप्रकाशात त्यांची क्रिया होते आणि ओझोन वायू तयार होतो. उंच आकाशातील ओझोन आपले रक्षण करतो. पण जमिनीजवळचा ओझोन श्वासाला त्रास देतो.

मेक्सिको सिटी ही मेक्सिको देशाची राजधानी. हे शहर सुमारे २२४० मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. त्यामुळे तेथे दूषित हवा कोंडून राहते. १९९० च्या सुमारास तेथील ओझोन फार वाढला होता. दोष मोटारींचा, हे उघडच वाटत होते.

डोनाल्ड ब्लेक व शेरवुड रोलंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मात्र हवाच तपासली. त्यांनी स्टीलचे निर्वात डबे घेतले. डब्याची तोटी उघडताच शहराची हवा आत शिरे. ती प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा तिच्यात प्रोपेन आणि ब्युटेन भरपूर आढळले. हे तर स्वयंपाकाच्या गॅसचे घटक! म्हणजे न जळलेला गॅस गळून हवेत मिसळत होता. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. मोटारी निर्दोष ठरल्या नाहीत. पण गॅसची गळतीही दोषी ठरली.

आता सांगा, हौदातले पाणी पाहून नळ किती वेगाने वाहतो हे कळेल का? नाही. तसेच हवेत वायू किती आहे, यावरून शहर तो किती सोडते हे कळत नाही. म्हणून २००३ साली त्याच शहरात उंच मनोऱ्यावर यंत्रे बसवली. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या हवेतील वायू क्षणोक्षणी मोजले. त्यांतील फरकावरून शहर किती वायू सोडते, ते समजले.

मित्रांनो, रोग ओळखल्याशिवाय औषध लागू पडत नाही. तुम्हीही घरातल्या मोठ्यांच्या मदतीने गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडे आले, तर गळती आहे असे समजा आणि ती लगेच दुरुस्त करून घ्या.

स्वाध्याय
१. मेक्सिको सिटीत दूषित हवा का कोंडून राहते?
२. शास्त्रज्ञांना गॅसची गळती कशी कळली?
३. हौद आणि नळ यांचे उदाहरण लेखकाने का दिले आहे?